सहा फूट पाच

रामबागेतल्या घराची चौकट
अजून माझं कपाळ ओळखते.

आई म्हणायची, उंची देवानं दिली,
पँटचं कापड कोण देणार?
रेल्वेनं दिलं. खेळाडू कोट्यात कारकून,
वर्षातले सात महिने
बर्थबाहेर लोंबणारे पाय.

लुधियाना, फायनल, चार सेकंद.
चेंडू रिंगवर घुटमळला
आणि खाली माझ्या गुडघ्यात
ओली काडी मोडावी तसं काही झालं.
बास्केट झाली म्हणतात.
मी छताचे दिवे बघत होतो.

आता इंदूरच्या ऑफिसात वरच्या फळीवरचं दप्तर
मीच काढतो;
स्टूल त्यांनी केव्हाच कँटीनला देऊन टाकलं.

संध्याकाळी रेसकोर्स रोडला पोरं हाकारतात,
"भिया, एक तो डालो!"
मी फ्री थ्रोच्या रेषेवर जातो.
तिथून
उडी मारावी लागत नाही.