नोंदवहीचं मागचं पान

देओलिंदा गाईचा माज ओळखते
शंभर पावलांवरून, धुक्यातूनसुद्धा.
साओ जॉर्ज बेटावर धुकं रोजचंच,
हायड्रेंजियाच्या निळ्या कुंपणांवर कोपर टेकून बसलेलं.
त्यातून तिला दिसतं
कोण चरायचं सोडून नुसतीच उभी आहे,
कोणाच्या पाठीवर दुसरीच्या खुरांचा चिखल,
कोणाच्या शेपटीखाली सोट लोंबतोय,
काचेच्या दोऱ्यासारखा, न तुटणारा.
सकाळी दिसली तर संध्याकाळी भरवायची.
संध्याकाळी दिसली तर उद्या सकाळी.
नायट्रोजनच्या टाकीतून धूर सोडत निघणारी कांडी,
खांद्यापर्यंतचा हातमोजा,
मग वहीत क्रमांक, तारीख, वळूचं नाव.
अठरा वर्षांत चुकली असेल ती सहा-सात वेळा.

तीच वही उलटी धरली
की मागच्या पानापासून दुसरी नोंद सुरू होते.
तिला क्रमांक नाही.

छत्तीस पॉइंट चार. छत्तीस चार. छत्तीस तीन.
पहाटे साडेचारला, पाय जमिनीला लागायच्या आत,
जिभेखाली काच धरून ती छताकडे बघत पडते.
पण पारा म्हणजे उशिरा येणारा पोस्टमन.
चढतो तेव्हा सांगतो,
पाहुणी काल येऊन गेली.

म्हणून ती बोटांवर विसंबायला शिकली.
कोरडे दिवस. मग गोंदासारखे, पांढरट, तुटक.
आणि एका दुपारी, चीझ कारखान्याच्या संडासात,
अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये
ताणत, ताणत गेलेला तंतू,
अंड्याच्या पांढऱ्यासारखा निसरडा, लख्ख.
उजव्या कुशीत बारीक चिमटा,
आतून कुणी दाराची कडी चाचपावी तसा.
ती एकटीच हसली.
एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा
तिनं स्वतःला शंभर पावलांवरून पाहिलं होतं.

बाईला माज आला असं म्हणतात,
पण ते म्हणतात तेव्हा
अर्थ वेगळा असतो.

एवारिस्तू टूनाच्या बोटीवर.
संध्याकाळी रेडिओत त्याचा खरखरीत आवाज:
उद्या पोचतो बंदराला, धुकं उठलं तर. काही हवंय?
त्या लहरीवर अख्खं बंदर कान देऊन असतं.
देओलिंदा म्हणाली,
एक्केचाळीस नंबर उभी आहे.
थोडा वेळ नुसतीच खरखर.
मग तो म्हणाला, कळलं.

धुकं उठलं नाही.
दिवस गेले.
तसे नाही, नुसतेच गेले, कॅलेंडरावरचे.
तिसऱ्या पहाटे पारा छत्तीस आठवर.
कारखान्यात म्हाताऱ्या फिलोमेनानं विचारलं,
भरली का गं तुझी एक्केचाळीस?
देओलिंदा म्हणाली, वळूच वेळेवर मिळाला नाही.
सगळ्या हळहळल्या. चांगली गाय असेल.

तो आला रात्री, डिझेलचा वास घेऊन,
ओल्या टोपीची घडी घालत, उलगडत.
ती म्हणाली, हात धू.
तव्याच्या काठावर तिनं अंडं फोडलं.
टरफलातून पांढरा बलक ओघळला,
लोंबला, तुटेना.
तिनं टरफल वर वर नेलं,
आणि दोघं तो दोरा बघत राहिले,
कितीतरी वेळ,
तेल तापून धूर येईपर्यंत.