नावे घालून मिळतील

लातूरला, गोलाईच्या मागं, भांडे गल्लीत
आमचं दुकान रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या खाली आहे.
अण्णा ओतारी. मी नावं घालते.
पातेल्यावर, घागरीवर, रुखवताच्या समईवर:
कुणाला, कुणाकडून, तारीख.
टिकटिकणारं यंत्र आत्ता आलं,
त्याआधी छन्नी होती आणि माझं मनगट.

मुजीबचाचा पंधरा वर्षं इस्कंदरियाला
जहाजांच्या फ्रिजमध्ये गॅस भरत होते.
परत आले ते दुखरे गुडघे घेऊन,
आणि रुमालात गुंडाळलेला हा, वीतभर.
"फुटपाथपे लिया था, गुणवंतभाई, नकलीच होगा.
मिसर का है. टोपी का पर हिल रहा,
जरा झाल मारके देओ."
देओ म्हणाले की देव, मला नीट कळलं नाही.

अण्णांनी त्याला तळहातावर निजवलं.
अंग पायापर्यंत कापडात बांधलेलं,
हात छातीवर, एकात आकडा,
दुसऱ्यात आसूड, पोतराजाचा असतो तसा.
डोळ्यांच्या जागी खाचा. काहीतरी जडवलेलं होतं, गेलं.
"मेलेला देव हाय व्हय ह्यो?"
"मेला था. फिर उठा. ऐसा बोलते उधर."
अण्णांनी मान हलवली,
मोडीचा भाव ऐकल्यावर हलवतात तशी.

नखानं वाजवून बघितला. आवाज बद्द.
"पोटात माती हाय अजून."
मेणाचा देव, वर माती, लीद, भुसा,
मग भट्टी; मेण पळून जातं
आणि त्यानं सोडलेल्या जागेत रस उतरतो,
हे मला पाळण्यापासून माहीत.

मग त्यांनी त्याला पालथा केला,
चष्मा कपाळावर चढवला, डोळ्याशी धरला,
आणि हसले. आई गेल्यापासून असं हसले नव्हते.
पाठीवर, खांद्याखाली, चौकोनी थिगळ,
ज्वारीच्या दाण्याएवढं, कडा घासून मिळवलेल्या.
"हे बग. रस थंडावला व्हता गड्याचा.
भोक ऱ्हायलं. गिऱ्हाईकाला दिसू नये म्हून
ठोकून बसवलंय. लई सफाई.
पर आपल्यातल्याला सापडतंय."

चाचा सांगत होते, उधर रेतीत
खड्डेच्या खड्डे निघतात, शेकड्यानं देव,
कापडात बांधून पुरलेले,
देवळात जागा उरली नाही म्हणून.
अण्णांचं बोट थिगळावरच थांबलं.

भट्टीमागं आमच्याकडे एक पोतं आहे.
भूकंपानंतर किल्लारीकडचा कुणीतरी आणून टाकलं:
टाक, रांगते बाळकृष्ण, चेपलेली अन्नपूर्णा.
"मोडीत घ्या" म्हणाला, आणि पैसे न घेताच गेला.
अण्णांनी ते वितळवले नाहीत. उजळलेही नाहीत.
दिवाळीला पोत्यालाच हळदकुंकू लावतो
आणि त्याविषयी बोलत नाही.

मी देवाच्या पायाखालचा चौरंग बघत होते.
बोटभर. चारी कडांना बारीक चित्रं:
पक्षी, पाण्याची रेघ, डोळा, बसलेली बाई.
वाचता येईना. पण हे नाव आहे,
हे मला चौथ्या कडेवर कळलं.
तीन कडांवर ऐसपैस,
आणि शेवटी चित्रं एकमेकांच्या अंगावर चढलेली.
जागा संपली, नि कुणीतरी घालायचं राहिलं होतं.
"देनेवाले का नाम रहता," चाचा म्हणाले,
"उसकी माँ का भी."
म्हणजे आईच राहिली होती.
माझ्याही हातून झालंय हे.
देवणीच्या एका घागरीवर
"सुंद्राबाई"तली "बाई" मी कानाखाली कोंबली आहे.

अण्णांनी पराला झाल दिली, मुंगीएवढी,
फडक्यानं पुसलं, थिगळावरून फडकं नेलं नाही.
"कितना हुआ?"
"ओताऱ्यानं ओताऱ्याकडनं काय घ्यायचं."
"मैं किधर का ओतारी, भाई?"
अण्णा रुमालाची गाठ मारत होते.
"तुला कोण म्हणतंय," म्हणाले.