दंड

सहा भाग मी करालसेनच्या मरणाची वाट पाहिली.
गावं जाळली होती त्यानं, विहिरींसकट.

सातव्या भागात, पान तीनशे बारा,
नोकर चिलखत उतरवतो
आणि आत निघतो एवढासा म्हातारा.
बंद बांधता येत नाहीत. पेज
दाढीतच सांडते.
"दिवा लांब ने," म्हणतो, "डोळ्यांना सोसत नाही."

नौपाड्यातल्या खोलीत मी पुस्तक पालथं घातलं,
उगाच उठून गॅस बंद आहे का पाहिलं.

जळलेली गावं जळलेलीच होती.
पण सकाळी नायक येणार, तलवार परजत,
आणि याला धड जिनाही उतरवत नाही.

वाचनालयात चौबळबाई म्हणाल्या,
"अकरा दिवस उशीर. संपलं नव्हतं का?"

म्हटलं, दंड किती झाला?