बाविसावा आकडा

देझ्यो, तुझी यादी पोचली.
एकवीस ठिकाणं, लॉर्नाच्या गोल अक्षरात, नंबर घालून.
हाती दिवस चार.
आणि बुडापेश्टमधला जानेवारीचा दिवस
तुला आठवतो ना?
साडेसातला उजाडल्यासारखं करतो,
साडेचारला दिवे मागतो.
मी हिशेब मांडला: चार दिवसांचा उजेड छत्तीस तास.
त्यातले सहा धुक्याला द्यायचे,
दोन लॉर्नाच्या पायमोज्यांना. ते भिजणारच.

चौकटीच्या वहीत पेन्सिलीनं आखते आहे.
शाई नको. हल्ली इथं
कुणीच शाईनं काही लिहीत नाही, नगरपालिकासुद्धा.
लेनिनचा रस्ता परत तेरेझचा झाला.
नव्या पाटीशेजारी जुनी तशीच आहे,
तिच्यावर तांबडी फुली.
माझ्या पिशवीतला नकाशा एका रात्रीत खोटा पडला,
आणि तू शाळेत असताना पाठ केलेला
खरा ठरला.
तेव्हा वाट मी तुला विचारणार,
तू मला नाही.

शनिवारी आधी मंडई, ती दुपारी मिटते.
मग दोन नंबरची ट्राम, नदीकडेनं.
डाव्या खिडकीशी लॉर्नाला बसव.
साखळीचा पूल, पलीकडे किल्ला, मग संसद:
तिच्या यादीतले सात आकडे
तिकिटाच्या एका छिद्रात उरकतात.
उतरल्यावर भाजलेले चेस्टनट घे, खाऊ नकोस लगेच,
खिशात ठेव. हातमोज्यांपेक्षा ते बरे.

रविवारी सेचेनीचं गरम पाणी.
बाहेर उणे सहा, आत अंग उकळतं,
आणि वाफेत छातीपर्यंत बुडालेले म्हातारे
बुद्धिबळ खेळतात.
त्यातला एक तुझ्या वर्गातला, बेनेडेक.
त्याला मी काही सांगितलेलं नाही.
तो ओळखणार नाही तुला,
केस दोघांचेही गेले.
नुसता उभा राहा शेजारी,
त्याचा वजीर मरायला लागला की बोल.
तेव्हा बोलायचास तसंच.

सोमवारी संग्रहालयं बंद.
नऊ, दहा आणि चौदा म्हणून मंगळवारी ढकलले,
धावपळ होईल, होऊ दे.
सोमवार मोकळा राहिला.

यादी पुन्हा वाचताना काल दिसलं,
लॉर्नाच्या एकविसाखाली
तुझ्या तिरक्या हातानं बावीस घातलंय,
त्यापुढे काही नाही.
पेन टेकवून ठेवल्याचा तेवढा ठिपका.

एकोणसाठ नंबरची ट्राम वर टेकडीकडे जाते, फार्कशरेटला.
फाटकाशी एक बाई पाइनच्या फांद्या विकते,
थंडीत फुलांपेक्षा त्या टिकतात.
ओळ सतरा. दगड साधाच घेतला, परवडला तो.
नाव मात्र खोल कोरून घेतलंय.
तुझी तार तेव्हा सहाव्या दिवशी आली,
कुणीतरी आधीच उघडलेली.
मी ती घरात ठेवली नाही,
वसंतात माती मऊ झाल्यावर
तिथंच पुरली.
तुला हे पत्रात कधी लिहिलं नव्हतं.
पत्रंही उघडलेलीच जायची.

लॉर्नाला कंटाळा येईल म्हणालास तर
खाली कोपऱ्यावर केकचं दुकान आहे, उबदार,
तिला तिथं बसवू.
पण ती येईल असं वाटतं मला.
जी बाई एकवीस आकडे इतके नीट लिहिते
तिला बाविसावा दिसला नसेल?

बाकी सामानाचं:
बूट जाड तळव्याचे आण. कॅनडाची थंडी कोरडी असते म्हणे,
इथली नदीवरून येते, बाहीतून आत शिरते.
कॉफी आणू नकोस, आता मिळते.
माझ्या स्वयंपाकघरातल्या कोचावर दोघं मावाल,
मी खाली निजते.

विमानतळावर मी निळी लोकरी टोपी घालून येईन.
तू काय घालणार ते आधी कळव.
तुझा फोटो आहे माझ्याकडे,
पण त्यात तू एकोणीस वर्षांचा आहेस.