तिथीची पाऊणपट

कोलशेतच्या धक्क्यावर आमची तर होती.
तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची,
वर बाबाच्या हिशोबाने एक तास,
कारण समुद्राकडून इथवर यायला
पाण्यालाही चालावं लागतं:
तेवढ्या वाजता भरती पुरी.
शाळेत पावकी-निमकी शिकवायच्या आधी
मला पाऊणकी येत होती.

काल्हेरला माणशी दोन पैसे, शेळीचा एक.
सुईण फुकट. मढं फुकट,
त्याच्यासोबतचे मात्र नाही.
पूर्ण्याची माणसं सुगीनंतर
पायलीभर भात आणून देत.
मी पुढच्या टोकाला, करवंटीने
आत शिरलेलं पाणी उपसत.

हाक मारायची रीत ठरलेली.
तोंडाशी ओंजळ, आणि "तरीऽऽ".
वारा कुठलाही असो,
शेवटची ई आमच्या दारापर्यंत यायची.
बाबा ओ द्यायचा.
ओ दिली की माणूस बांधला गेला,
म्हणून आधी तो पाण्याकडे बघायचा.

मार्गशीर्षातली नवमी.
पावणेआठची भरती उलटून गेलेली.
पुढ्यात बोंबलाचं कालवण, वाफेचा भात,
आणि पलीकडून हाक.
बाबाचा घास हातातच राहिला.
पाणी होतं अजून. जाता आलं असतं.
परत येता आलं नसतं;
होडी तिकडच्या गाळात पहाटेपर्यंत रुतली असती
आणि तिच्यात बाबा, त्या थंडीत.
दुसरी हाक.
आई म्हणाली, "कोन हाय ते?"
"सकाली नेन," बाबा म्हणाला.
हे त्याने ताटाला सांगितलं.
तिसऱ्या हाकेची ई
अर्धीच आली.

पाचला, कंदील घेऊन, आम्ही गेलो.
तिवरांच्या मुळांमधून पावलं उतरली होती
पोटरीएवढी खोल, थेट पाण्यापर्यंत.
पाणी तोवर चढत आलं होतं;
पुढची पावलं, असली तर, त्याच्याखाली.
परतीची दिसली नाहीत.
एका खड्ड्यात वहाण, उजव्या पायाची,
नवी, तेल पाजलेली,
आणि तिच्यावर बसून एक निवटा
आमच्याकडे बघत होता.

सुकतीला खडकाखडकाने चालत येता येतं म्हणतात.
मी कुणाला आलेलं पाहिलेलं नाही.

कुणी चौकशीला आलं नाही.
कुठल्या बंदराला काही लागल्याचं ऐकलं नाही.
वहाण बाबाने छपरात खोचली
आणि मग तो सगळ्यांनाच ओ देत सुटला:
टिटवीला, कुत्र्याला,
मिठागरावर खोकणाऱ्या राखणदाराला.
कशेळीवरून येष्टी जायला लागली,
होडीच्या फळ्या आईने चुलीत घातल्या,
तरी रात्री अंथरुणातून
"ओ".
एकदा मीही झोपेत बोलले तर
तोंडावर पाणी मारून उठला.

बाळकुमच्या दवाखान्यात, मागच्या वर्षी,
नंबराच्या बाकावर पूर्ण्याचा हासूराम.
कानांनी बहिरा, म्हणून सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं:
"तुझ्या बापाला एकदा हाक मारलेली मी.
आला नाय. मंग घरी गेलो परत.
सासरा मेला त्या रात्री, तोंड बघायला मिलला नाय."
मी त्याचा हात धरला. कोणती तिथी?
"तिथी कोन बघतो, माय?"
थंडी होती?
"आसंल."
आणि वहाण? नवी वहाण?
तो हसला, दात नसलेला.
"वहाना आमाला कवा होत्या?"
दोनदा मारली म्हणाला. दोनदा.
मग त्याचा नंबर आला
आणि त्याची सून त्याला आत घेऊन गेली.

नवव्या मजल्यावरून खाडी दिसते,
रेतीचे पडाव नाहीत, काही नाही, नुसती.
स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे.
तिथी बघते, पाऊणपट करते,
तास मिळवते, खिडकीशी जाते:
पाणी वेळेवर असतं.
मी मोजलेल्या हाका
तीन.