पान जातंय

सोमवारी बराझानं फळ्यावर खडूनं बाण काढले:
आपोंडी डेस्कवर, मी बाहेर. महिनाभर.
एकोणीस वर्षांची खुर्ची मागे सरकवली
तेव्हा तिचं एक चाक अडलं, नेहमी अडतं तसंच.
आपोंडीला सांगायचं राहिलं.

किसुमूच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा नऊ वाजले होते
आणि बातमी, म्हणे, पहाटेच संपली होती.
रिपोर्टरांच्या वह्या एवढ्या मळक्या कशा,
असं विचारत आलेला मी;
दुपारपर्यंत माझीही वही खवल्यांनी चिकटली.

'सरोवराला जलपर्णीचा विळखा'
हा मथळा मी तीसेक वेळा तरी दिलाय.
दोन कॉलमांत नेमका बसतो.
विळखा वगैरे काही नव्हता.
नुसतं हिरवं, नजर जाईल तिथवर, निवांत,
आणि वर जांभळी फुलं.
ही कुणी कधी लिहिली कशी नाहीत?
की लिहिली होती, आणि मीच

न्यागुडी होडीच्या काठावर बसली होती.
जाळं विणत नव्हती, उसवत होती.
पाणी उघडेल तेव्हा उघडेल, म्हणाली,
तोवर कोंबड्यांना कुंपण.
नुकसान किती झालं, मी विचारलं.
तिनं माझ्या बुटांकडे पाहिलं.
"नवे दिसतात. केवढ्याला पडले?"
मी तेही लिहून घेतलं.

उलट्या होडीवर बसून सहाशे शब्द पाठवले.
फोन आला. आवाज आपोंडीचा, सूर माझा:
"आकडा कुठाय? अडकलेल्या होड्या किती?
कोंबड्या काढतेय. फुलंही."
मागे पंख्याची घरघर,
कुणाच्या तरी कागदांवर चहा सांडल्याचा गलका,
आणि मधूनच ते चाक. कुर्र.
मग जरा थांबून ती म्हणाली,
"फुलं मीही पाठवली होती. दोनदा."

मला काही सुचेना.
"डाव्या बाजूला रेलून बस," मी म्हणालो,
"म्हणजे अडत नाही."
"आकडा," ती म्हणाली. "पान जातंय."

अंधार उतरत होता. मी बोट रोखून
एका टोकापासून मोजायला लागलो.
सतरापर्यंत आलो असेन,
तेवढ्यात मागून न्यागुडीनं हाक मारली:
"ए बूटवाल्या,
ती तळ गेलेली धरतोस की सोडतोस?"