चिमणी

तांदुळवाडीच्या पुढे, हैदराबाद रस्त्याच्या डाव्या अंगाला
डाक बंगला. रुंदीकरणात जाणार.
मला फक्त मापं घ्यायची होती.

टेपचं एक टोक बंदेनवाजच्या हातात.
त्याचा पणजोबा इथला खानसामा,
तो स्वतः इथला कोणीच नाही,
किल्ली तेवढी त्याच्याकडे.

व्हरांडा बारा फूट. भिंत सव्वादोन,
काळा दगड, घाणीवर मळलेला चुना.
छप्पर उतरतं, इतकं उतरतं
की बर्फ पडला तर घसरून जावा.
बर्फ. सोलापुरात.
कुणी साहेबानं आपल्या गावची खाणावळ आठवून
कागदावर काढली असणार:
घोडे आत यायला कमान,
वाटसरूंना माडीवर दोन खोल्या,
डोकं आपटेल इतक्या खाली तुळया
आणि बैठकीच्या भिंतीत, ऐन मध्यावर, शेकोटी.

‘इथं चिमणी पाहिजे,’ साहेब म्हणाला.
यल्लप्पा वडारानं मान हलवली
आणि आठवड्यानं दगडात पाखरू कोरून वळचणीला बसवलं.
अजून आहे ते. चोच गेलीय.
मग साहेबानं हातवारे केले, फुंकून धूर दाखवला.
यल्लप्पा म्हणाला, आग? घरात? हौसेनं?

आता हिशेब जुळेना.
बाहेरून धुराडं चार फूट रुंद, आतून दीड.
काजळीचा ठिपका नाही कुठं.
दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा टेप झटकला.
बंदेनवाज नुसता हसत उभा.
‘आतून नाही दिसायचं. मागून या की हो.’

मागच्या व्हरांड्याचा कोपरा,
आडाच्या बाजूचा, दिवसभर सावलीतला.
भिंतीला भोक, त्यातून आत जायची पंख्याची दोरी.
दोरीनं दगडाला बोटभर खाच पाडलेली.
इथं बसायचा तो, पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून,
आत साहेब झोपलेले असताना.
यल्लप्पाचा भाऊ होता म्हणतात,
कोणी म्हणतं, कोणीच नव्हता.

आणि त्याच्या पाठीमागं, बसल्या माणसाच्या मानेइतकी,
हातभर दगडी जाळी.
तिच्याआड पोकळी, सरळ वर,
धुराड्याच्या पोटातून थेट आभाळापर्यंत.

उन्हानं दगड तापला की धुराडं वरच्या वर हवा खेचतं.
आडावरची गार हवा मग इकडून आत शिरते,
त्याच्या मानेवरून, जाळीतून.
आतला पंखा तो हलवायचा,
त्याचा पंखा यल्लप्पा बांधून गेला होता.
साहेबाच्या कागदावर याची रेघसुद्धा नाही.

माझ्या फॉर्मात रकाने आहेत:
दरवाजे, खिडक्या, झरोके, धुराडी.
शेवटी ‘इतर’.

‘बसून बघा,’ बंदेनवाज म्हणाला.
एप्रिल. दुपारचे साडेतीन. कौलांवर कावळासुद्धा नाही.
मी बसलो, खाचेजवळ, पाय लांब करून.
आधी काहीच नाही.
मग मानेवरचा घाम गार लागला.
मग मांडीवरच्या पॅडचा कागद
कडेनं जरासा उचलला.

टेपचं दुसरं टोक तिकडे आत,
शेकोटीपाशीच पडलेलं.